विहिरीवरची गाणी

भाऊवर लिहा, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं आणि प्रत्येकाला मी वेगळं कारण दिलं. ज्ञातीच्या अंकाचे संपादक आले तेव्हा डोळ्यांचं ऑपरेशन पुढे केलं. त्याच्या मुलीने विचारलं तेव्हा म्हटलं, आठवणी जरा बसू देत, गढूळ पाण्यात काही दिसत नाही. बोईसरच्या एका मंडळाने त्याच्या नावाने गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि ‘भाऊला सुरात आणणारे मास्तर’ म्हणून मला बोलावलं, तेव्हा तर मी बाहेरगावी आहे असं सांगून पालघरच्या घरात पडदे ओढून बसलो. बायको म्हणाली, “एवढं काय खाल्लंय तुम्ही त्या माणसाचं?”

खाल्लं होतं. त्याबद्दल लिहायचं तर ‘सुरात आणणारे’ हे शब्द आधी खोडावे लागतात, आणि त्या शब्दांवर मी शाली घेतल्या आहेत. आता तो नाही. त्याच्याबद्दल एक खोटं सबंध तालुका हसत हसत सांगतो, आणि ते मी सुरू केलेलं आहे. म्हणून लिहितो.

पण सुरुवात रडगाण्याने केलेली भाऊला चालली नसती. तो भेटला की माणसं आधी हसत, मग नमस्कार करत.

शिरगावची वाडी त्याची. पानवेली, केळी, नारळ आणि मधोमध विहीर. सकाळी वेलींना पाणी, दुपारी पानांच्या गड्ड्या, आणि कार्यक्रम असला की संध्याकाळी गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. अंगावर स्वतःच्या लग्नातला कोट आणि खाली वाडीतली अर्धी चड्डी. कोणी हटकलं तर म्हणे, “वर पाव्हणे बगतात, खाली चिखल बगतो.” स्टेजवर तो कायम गोणपाटावर उभा राहायचा. त्याच्या गिटारमधून करंट यायचा. आर्थिंगचा काहीतरी घोळ होता, तो त्याने आयुष्यभर दुरुस्त केला नाही. नवा निवेदक माइक घेऊन जवळ आला की भाऊ प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि निवेदक टुणकन उडायचा. “कार्यक्रमात जान आली,” भाऊ म्हणायचा.

गिटार त्याला वसईकडच्या लग्नाच्या बँडमधल्या एका वादकाने दिली होती, वर्षभर केळी पोचवायच्या बोलीवर. घरात तेव्हा तीन पिनांचा सॉकेट नव्हता. तो होता फक्त विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत. तेव्हा भाऊ तिथे बसून गिटार शिकला. शिकवणारं कोणी नाही, शेजारी मोटर घुमतेय, बाहेर पाटातून पाणी वेलींकडे चाललंय, आणि हा डब्यावर बसून तारा छेडतोय. वर्षानुवर्षं. आई पाणी लावायला हाक मारायची ती मोटरच्या आवाजात ऐकू यायची नाही, हाही त्या जागेचा एक फायदा होता.

गाणी मात्र त्याने बायकांकडून घेतली. लग्नाचा मांडव घालताना, उंबर आणताना, हळद दळताना आमच्याकडच्या म्हाताऱ्या जी गाणी म्हणतात ती. आई, मावश्या, आत्या यांच्या पदराला धरून त्याने ती पाठ केली आणि मोठेपणी त्यांच्यामागे कर्कश गिटार लावली. आज शहरातली मुलं याला फोक रॉक म्हणतात. तेव्हा आमच्याकडे याला ‘भाऊचं काहीतरी’ म्हणत.

गाण्याबद्दलचा त्याचा एक नियम होता. ज्या गावात गायचं तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आधी विचारायचं. “आये, हे गाऊ का?” ती हो म्हणाली तरच. एकदा शिरगावातच, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर कार्यक्रम होता. घरचंच गाव म्हणून विचारायचं राहिलं असेल. गाणं रंगात आलं, ड्रमवाला पेटलेला, मी कीबोर्डवर, आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली.

“ए, थांब! नवरीच्या मामाचं कडवं कुटं गेलं?”

भाऊने हात वर केला. सगळा बँड थांबला.

“मामाचं कडवं हाय?”

“म्हंजे? मामा नाय तर नवरी काय एकटी मांडवात येल?”

“मला कोनी शिकवलंच नाय, आये.”

“तुजी आवस कडवी खायची. कामचुकार होती पयल्यापासून.”

लोक फुटले हसून. भाऊची आई मागच्या रांगेत जिवंत बसली होती, तीही पदर तोंडाला लावून हसत होती. भाऊने म्हातारीला स्टेजवर घेतलं, आधी आपलं गोणपाट तिच्या पायाखाली सरकवलं, आणि मामाचं कडवं तिच्या तोंडून सगळ्यांसमोर शिकून घेतलं. तिने तीनदा चुका काढल्या. तोवर मी कीबोर्डवर हात ठेवून अवघडून बसलो होतो. मला वाटत होतं, आपली शोभा झाली. घरी जाताना म्हणालोही तसं. भाऊ म्हणाला, “मास्तर, कार्यक्रम फुकट आणि वर एक कडवं भेटलं. तुमी रडता कशाला?”

मी पेटीवाला. ऐन उमेदीत पालघरला स्टेशनजवळ शिकवण्या घ्यायचो, नंतर कीबोर्ड घेतला, पुढे एक छोटी रेकॉर्डिंगची खोली टाकली. निवडणुकीच्या घोषणा, भजनी मंडळं, शाळेच्या गॅदरिंगची गाणी. मी शिकलेला होतो आणि आमच्या वाजवणाऱ्यांत तसा मी एकटाच. भाऊ मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ आणि ‘तुमी’ म्हणायचा. मी त्याला ‘तू’. याची मला कधी लाज वाटली नाही, कारण मला ते योग्यच वाटत होतं.

आणि भाऊ बेसूर होता. म्हणजे तसं मी म्हणायचो.

पेटीच्या भाषेत सांगायचं तर त्याचा सा पांढरी पाच आणि तिच्या लगतची काळी चार या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडायचा. पांढरी पाचच्या किंचित वर. कितीही सांगा, पट्टी द्या, कानाशी पेटी नेऊन सूर धरा, हा आपला तेवढाच वर. शिवाय त्याचे चमत्कार. कुठेही कार्यक्रमाला गेलो की तो आधी विचारायचा, “लाइट कुठून घेतलीय?” मग स्विचबोर्डाजवळ जाऊन कान लावून उभा राहायचा, डोळे मिटून, आणि मग गिटारच्या खुंट्या पिळायचा. लोकांना वाटायचं हा काही नवस-सायास करतो. काही बायका त्याच्यामागे स्विचबोर्डाला हात जोडायच्या. घरी असला तर गिटारचं पोट मोटरला टेकवून तारा लावायचा. मी विचारलं होतं, हे काय खूळ? तर म्हणाला, “तिथं बरं वाटतं.” बस, एवढंच. त्याच्याकडे याहून मोठं स्पष्टीकरण नव्हतं, आणि मीही मागितलं नाही.

मासवणच्या एका जत्रेत तर कहर झाला. गावातली वीज गेली आणि आम्हाला जनरेटर दिला. त्याच जनरेटरवर शेजारचा पाळणा फिरत होता. भाऊ गायला लागला आणि माझ्या लक्षात आलं, की आज हा एका फटीतही राहत नाहीये. एकदा माझ्याखाली जातोय, एकदा पार काळीच्या वर. गाता गाता खुंट्या पिळतोय, घाम गळतोय, पण चेहरा समाधी लागल्यासारखा. आमचा ड्रमवाला बोईसरच्या एका कारखान्यात वेल्डिंग करणारा, उत्तरेकडचा, थोराड मिश्यांचा माणूस. तो मागून ओरडला, “मास्टरजी, देखो! झूला चला तो भाऊ नीचे, झूला रुका तो भाऊ ऊपर!”

खरंच तसं होत होतं. पाळणा फिरायला लागला की भाऊचा सूर उतरायचा, पाळणा थांबून माणसं उतरायला लागली की चढायचा. आम्ही दोघे हसून हसून वाजवेनासे झालो. परतीच्या टेम्पोत ड्रमवाल्याने त्याला विचारलं, “भाऊ, आप गाना गा रहे थे या झूले में बैठे थे?” भाऊ म्हणाला, “दोनी! पैशे वसूल.” पुढे कित्येक वर्षं हा किस्सा मी बैठकीत सांगितला. प्रत्येक वेळी लोक पोट धरून हसले. त्या किश्श्यात सगळं काही उघड पडलेलं होतं, जनरेटरसकट, आणि मला ते दिसलं नाही. मी पेटीवाला. मला सुराचा मालक हवा होता आणि तो मी होतो.

आणखी एक गोष्ट लोक म्हणायचे, तीही मी कानाआड केली. म्हणायचे, “भाऊ एकटा गातो तवा गोड वाटतो. वाजंत्री लागली का बेसुरतो.”

साठी उलटल्यावर एक दिवस तो माझ्या खोलीत आला. हातात केळ्यांचा घड, चेहऱ्यावर मागणी घालायला आलेल्या मुलाचा भाव.

“मास्तर, मला माजा एक अल्बम काढायचाय. सोलो.”

“सोलो म्हणजे?”

“म्हंजे मी, गिटार, आनी जे हाय ते. बाकी कोनी नाय. राग मानू नका. तुमच्यासंगं एवढी वरसं वाजवलं. एकदा माजं माजं गाऊन बगतो.”

“मग माझं काय काम?”

“तुमी रेकॉर्डिंग करा. दुसऱ्या कुनाला मी ओळखत नाय. फक्त एक, मास्तर. जसं हाय तसं ठेवा.”

मी मान हलवली. ती मान मला अजून आठवते.

रेकॉर्डिंग त्याला माझ्या खोलीत करायचं नव्हतं. मोटरच्या खोलीत करायचं होतं आणि तेही मोटर चालू ठेवून. मी कपाळाला हात लावला. सगळी दुनिया आवाज बंद करून रेकॉर्डिंग करते, हा आवाज चालू करून करणार. पण त्या सकाळी, खरं सांगतो, माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर सकाळी होत्या. भाऊच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, खोलीच्या दाराला गोधड्या टांगल्या होत्या. मी लॅपटॉप घेऊन केळीच्या सावलीत, वायर खिडकीतून आत. भाऊ मोटरचा खटका दाबायचा, मोटर एकदा कण्हायची आणि मग तिचा एकसारखा घूं लागायचा. पाटात पाणी खळखळायला लागायचं. तो पाठ मोटरकडे करून बसायचा, डोळे मिटायचा, आणि त्या घूंमधून जणू उचलून घेतल्यासारखा पहिला सूर काढायचा. मध्येच नारळाची झावळी पडायची. एकदा भारद्वाजाने नेमका कडव्याच्या शेवटी हुंकार दिला तर भाऊ थांबून म्हणाला, “ह्याचं नाव पन टाका.” वहिनी भाकऱ्या थापता थापता आतून ओरडायच्या, “मामाचं कडवं इसरू नका, नायतर ती म्हातारी वरून येल!”

अल्बमचं नाव त्याने ठरवलं होतं. ‘विहिरीवरची गाणी’.

मी गाणी घेऊन पालघरला आलो. हेडफोन लावला. आणि मला पहिल्या सुरापासून तो वर लागला. पांढरी पाचच्या किंचित वर, कायमसारखा. मला वाटलं, हे असंच बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? रेकॉर्डिंग मास्तरांचं, आणि कान कुठे होते मास्तरांचे? संगणकावर आता सगळं करता येतं. आधी मी मोटर पुसली. मग त्याचा आवाज थोडा थोडा खाली ओढून पांढरी पाचवर नेऊन बसवला, गिटारसकट. मग ते फार उघडं-बोडकं वाटायला लागलं, म्हणून प्रत्येक गाण्याखाली माझा कीबोर्ड भरला. ‘विहिरीवरची गाणी’ हे नाव खेडवळ वाटलं. ‘किनाऱ्याचे सूर’ केलं. खाली ‘संगीत संयोजन’ लिहून माझं नाव. त्याने एकदाच मागितलेल्या एकट्याच्या अल्बममध्ये मी सहकुटुंब राहायला गेलो, आणि मला वाटत होतं मी त्याच्यावर उपकार करतोय.

तो ऐकायला आला तेव्हा अंगात कोट होता. हेडफोन लावून बसला. पूर्ण गाणं ऐकलं. हेडफोन काढून मला म्हणाला, “कोन गातो हो?”

“कोण म्हणजे? तू.”

“माज्यापेक्षा बरा गातो.”

मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, “मोटर कुटं गेली?”

“काढावी लागली. फार आवाज येत होता.”

“मोटर म्हनल्यावर आवाज येनारच की.” मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा काही तरी सांगत असावा. “आनी मी लई बेसूर होतो का, मास्तर?”

तो क्षण माझ्या हातात होता. मी म्हणालो, “थोडासा. पण आता चिंता नको. मी सगळं सुरात आणलंय.”

तो लगेच खुलला. “तुमी केलंय म्हंजे बरोबरच असल,” म्हणाला आणि जाताना पुन्हा एकदा हेडफोनवर पहिलं गाणं ऐकून गेला, एखाद्या नामांकित गायकाचं ऐकावं तसं.

प्रकाशन समाजाच्या हॉलमध्ये दणक्यात झालं. निवेदक रंगात होता. म्हणाला, “मित्रहो, आपला भाऊ आयुष्यभर बेसूर गायला, पण धन्य ते मास्तर, ज्यांनी त्याला म्हातारपणी सुरात आणला!” टाळ्या, शिट्ट्या. सर्वांत मोठ्याने भाऊ हसला. शाल मला दिली गेली. त्याला नारळ.

आणि अल्बम चालला! हे मात्र खोटं नाही. सातपाटीपासून डहाणूपर्यंत हळदीला तीच गाणी. बोईसरच्या रिक्षांमध्ये तीच. कुठून कुठून कामाला आलेली कारखान्यातली माणसं, ज्यांना आमची बोली कळत नाही, ती नवरीच्या मामाच्या कडव्यावर नाचायची. भाऊ आनंदाने वेडा झाला होता. बोईसरला रिक्षात बसला तर ड्रायव्हरला विचारायचा, “हे कोन गातं रे?” आणि ड्रायव्हर “माहीत नाही, पण भारी आहे” म्हणाला की त्याला वाडीतली पानं देऊन यायचा. स्वतःचं नाव एकदाही सांगितलं नाही. “सांगितलं तर गायला लावतील,” म्हणायचा, “आनी मंग पंचाईत.”

ती पंचाईत झालीच. लोक त्याला प्रत्यक्ष गायला बोलवायला लागले आणि तो आपल्या जुन्या सुरात, गोणपाटावर उभा राहून, स्विचबोर्डाला कान लावून गायला लागला. खाली अल्बमवरचा माझा कीबोर्ड लावलेला. दोन्ही एकमेकांना घासायचे. लोक म्हणत, “रेकॉर्डसारखं नाय जमत.” हळूहळू त्याने आमंत्रणं नाकारायला सुरुवात केली. मला वाटलं, वय झालं.

मग एक दुपार. खोली बंद करून बरेच दिवस झाले होते, सामान घरी आणलं होतं. जुनी गाणी चाळताना भाऊची मूळ रेकॉर्डिंग सापडली, मी हात लावण्याआधीची. स्वयंपाकघरात बसलो होतो, लॅपटॉप ओट्यावर. गाणं लावलं आणि मागे आमचा जुना फ्रिज सुरू झाला.

फ्रिज आणि भाऊ एका सुरात होते.

मी गाणं बंद केलं. फ्रिज घुमत होता. पुन्हा लावलं. भाऊ त्यात येऊन बसला, दुधात साखर बसावी तसा. मी उठून पेटी काढली. पांढरी पाच दाबली, फ्रिजला घासली. काळी चार दाबली, तीही घासली. फ्रिजचा सूर त्या दोघींच्या मधल्या फटीत होता. मी बाथरूममध्ये जाऊन गिझर लावला. तोच सूर. जिन्यातली ट्यूबलाइट, जी नेहमी गुणगुणते, तोच. मग मी चपला घालून खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला कान लावून उभा राहिलो. पिठाच्या गिरणीवाल्याने हाक मारली, “काका, काय झालं? करंट लागंल!”

“अरे, हा गातोय!” मी म्हणालो.

“कोन?”

“ट्रान्सफॉर्मर!”

तो माझ्या मुलाला फोन करायला धावला.

मी मात्र भर रस्त्यात हसत होतो. इतका आनंद मला पेटी शिकल्यापासून झाला नव्हता. वीज सेकंदाला पन्नासदा थरथरते आणि त्याच लयीत सगळं घुमतं. मोटर, फ्रिज, ॲम्प्लिफायर, तारा. तारापूरच्या वीजकेंद्रातून निघो की आणखी कुठून, आमच्या सगळ्या मुलखात घराघरात एकच तंबोरा अहोरात्र चालू आहे, आणि तो ऐकणारा एकच माणूस होता. तो विहिरीवर बसून त्या तंबोऱ्यावर गाणं शिकला. मासवणला जनरेटर पाळण्याच्या ओझ्याने दमला तेव्हा हा त्याच्याबरोबर खाली उतरला, आणि जनरेटरवरचं ओझं सुटलं तेव्हा त्याच्याबरोबर चढला. एवढा पक्का कान मी उभ्या जन्मात पाहिला नाही. तो कधीच बेसूर नव्हता. त्याच्या सुरात तेवढ्या वर्षांत एकच बेसूर गोष्ट होती, ती म्हणजे मी.

ती मूळ रेकॉर्डिंग आता वहिनींच्या हातात आहेत. काय करायचं ते त्या आणि मुलगी ठरवतील. मला सांगायचं आहे ते भाऊ असतानाचं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी शिरगावला निघालो. खिशात त्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह. बसमध्ये वाक्य घोकत होतो. लांबलचक केलं, मग छोटं केलं. ‘भाऊ, चूक माझी होती. तू कधीच बेसूर नव्हतास.’ एवढंच ठेवलं. त्यानंतर ट्रान्सफॉर्मरची गंमत सांगायची, फ्रिजची सांगायची, तो उड्या मारेल, आणि मग दोघांनी मिळून अल्बम पुन्हा काढायचा, मोटरसकट, त्याच्या नावाने. मी शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा जवळजवळ पळतच होतो.

वाडीत सामसूम होती. वहिनी अंगणात पानं लावत बसल्या होत्या.

“या मास्तर. बरं झालं आलात. तुमीच सांगा ह्यांना. वेलींचं पानी लांबतं रोज. गायला बसले का मोटर बंद ठेवतात.”

“बंद? का?”

“म्हनतात, मोटर सूर बिगडवते.”

मी विहिरीकडे गेलो. मोटरच्या खोलीत भाऊ डब्यावर बसला होता, मोटरकडे तोंड करून, आणि मोटर गप्प होती. हातात मोबाइल. मोबाइलवर ‘किनाऱ्याचे सूर’ लागलेलं, माझ्या कीबोर्डासकट. तो त्याच्याबरोबर गात होता. एक ओळ गायचा, थांबायचा, मागे जायचा, पुन्हा तीच ओळ. मला बघताच लहान मुलासारखा उठला.

“मास्तर! बसा, बसा. आज देवानंच धाडलं तुमाला. कवापासनं वाट बगतो. ऐका हां. आनी खरं सांगायचं.”

त्याने मोबाइल बंद केला. डोळे मिटले. कशाचाही आधार न घेता त्याने सूर लावला.

पांढरी पाच. केसभरही वर नाही, खाली नाही. आयुष्यभर ज्या फटीत तो सुखाने राहत होता तिथून त्याने स्वतःला उपटलं होतं आणि मी खुणेने दाखवलेल्या जागी आणून लावलं होतं. सत्तरीच्या आसपासच्या माणसाने. रोज सकाळी, माझ्या चुकीसमोर बसून, तिच्याबरोबर गाऊन. मामाचं कडवं संपवून त्याने डोळे उघडले. ते पाण्याने भरले होते, आणि तो हसत होता.

“आता लागतो का बरोबर?”

मी खिशात हात घातला. पेन ड्राइव्ह बोटांना लागला.

“दोन वरसं झाली शिकतोय,” तो म्हणाला. “पयले मोटर मधी मधी यायची. मंग बंदच केली तिला. मास्तर, जनम गेला बेसुरात. पन मरायच्या आदी सुरात आलो. तुमी नसता तर तसाच गेलो असतो.”

मग त्याने वहिनींना हाक मारली. वहिनी एका ताटात नारळ आणि नवा पंचा घेऊन आल्या. हे त्यांचं आधीपासून ठरलेलं असावं, मी कधी येतो याचीच वाट होती. भाऊने कोट चढवला, अर्ध्या चड्डीवरच, ताट माझ्या हातात दिलं आणि मी अडवायच्या आत वाकला.

“आजपासनं गुरू केलं तुमाला,” तो म्हणाला. “आता सांगा. बरोबर लागला ना?”

मी म्हणालो, “अगदी बरोबर.”

तो एवढा खूश झाला की त्याने मला मिठी मारली. त्यानंतर तो होता तोवर मी अनेकदा त्या वाडीत गेलो, जेवलो, हसलो, दर वेळी त्याने सूर लावून दाखवला आणि दर वेळी मी मान डोलावली. ते वाक्य दर वेळी माझ्याबरोबर बसने शिरगावला गेलं आणि माझ्याबरोबरच परत आलं. भाऊ, चूक माझी होती. तू कधीच बेसूर नव्हतास.